बीटा-लॅक्टम अँटिबायोटिक: नव्या फार्मासिस्टांनो, या चुका टाळा

आमच्या औषध विभागात दर वर्षी नवी मुलं येतात आणि येताना बीटा-लॅक्टम अँटिबायोटिकच्या कुटुंबाची एक उतरंड पाठ करून येतात. पेनिसिलिन जुनं म्हणून कमजोर, सेफॅलोस्पोरिन त्याहून भारी, त्यातही तिसरी पिढी पहिलीपेक्षा भारी, आणि मेरोपेनेम सगळ्यांचा बाप. परीक्षेत मार्क मिळत असतील, वॉर्डात ही उतरंड नडते.

पिढी बदलली की औषधाचा नेम दुसरीकडे वळतो, एवढंच. पहिल्या पिढीचं सेफाझोलिन स्टॅफिलोकॉकस (स्टॅफ) या जिवाणूवर चोख चालतं. तिसऱ्या पिढीचं सेफ्टाझिडिम स्युडोमोनासवर चालतं, पण स्टॅफवर सेफाझोलिनची बरोबरी करत नाही. आणि एन्टरोकॉकसवर रोजच्या वापरातलं एकही सेफॅलोस्पोरिन भरवशाचं नाही.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. कॅथेटर लावलेले एक आजोबा होते, ताप उतरेना. आधी सेफिक्सिम झालं, मग सेफ्ट्रियाक्सोन, मग सेफोपेराझोन-सल्बॅक्टम, म्हणजे तिन्ही वेळा सेफॅलोस्पोरिनच. पुढे मेरोपेनेमची चिठ्ठी खाली आली तेव्हा मी केस पेपर मागवला. लघवीचा कल्चर रिपोर्ट आतच टाचलेला: एन्टरोकॉकस फीकॅलिस, अँपिसिलिन सेन्सिटिव्ह. वर फोन लावला तर रेसिडेंट विचारतो, "अँपिसिलिन? ते अजून मिळतं का हो सर?" पेनिसिलिनच ते. मिळतं, आणि स्वस्तही असतं. कॅथेटर बदलला, अँपिसिलिन सुरू झालं, ताप उतरला. रिपोर्ट उघडायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायला तीन औषधं वाया घालवली.

कारण समजून घेतलं तर पाठांतर लागत नाही. जिवाणूच्या भिंतीतले पेप्टाइडचे धागे एकमेकांना जोडणारी एन्झाइमं असतात, त्यांना पेनिसिलिन बाइंडिंग प्रोटीन म्हणतात. बीटा-लॅक्टमचं चार अणूंचं ताणलेलं वलय त्यांना चिकटून बसतं. भिंत कच्ची राहते आणि वाढता जिवाणू फुटतो. इथवर सगळं कुटुंब सारखंच. पुढचा फरक वलयाभोवतीच्या भागांमुळे पडतो: कोणत्या जिवाणूच्या प्रोटीनला कोण नीट चिकटतं, आणि वलय फोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमपुढे कोण टिकतं. एन्टरोकॉकसची प्रोटीनं सेफॅलोस्पोरिनला दाद देत नाहीत. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, तिथे यातलं काहीही दिलं तरी फुकट.

माझी दुसरी डोकेदुखी म्हणजे "क्लॅव लावा, ताकद वाढते". क्लॅव्हुलेनिक ॲसिड स्वतः जवळजवळ काही मारत नाही. ते बीटा-लॅक्टमेजला अडकवून ठेवतं, तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. एमआरएसएने, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफने, तर बाइंडिंग प्रोटीनच बदललेलं असतं, तिथे क्लॅव काय अडकवणार? त्यात काउंटरवरचं गणित आणखी वाईट. अमॉक्सिसिलिन-क्लॅवची ६२५ची गोळी संपली म्हणून ३७५च्या दोन देणारे अजूनही भेटतात. ६२५ म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव. ३७५ म्हणजे २५० आणि १२५. दोन दिल्या की क्लॅव दुप्पट, जुलाब सुरू, आणि पेशंट कोर्स सोडून घरी. मी पाकिटावर बेरीज कधीच लिहीत नाही, "५०० + १२५" असंच लिहितो. घाईत असलो तरी.

बाकीचं थोडक्यात. दिवसातून तीनदा लिहिलेली गोळी "सकाळी एक, रात्री दोन" अशी सांगू नका. रक्तात औषध पुरेशा पातळीवर किती वेळ राहतं यावर ही औषधं मारतात, एकदम जास्त घेऊन मधली गॅप भरून निघत नाही. अर्टापेनेम मेरोपेनेमच्याच गटातलं, म्हणजे कार्बापेनेम, असलं तरी स्युडोमोनासवर चालत नाही. ॲझ्ट्रिओनाम फक्त ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी. लहानपणी जुलाब झाले म्हणून केस पेपरवर लाल शाईत "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहू नका. अंगावर काय उठलं, श्वास लागला का, गोळीनंतर किती वेळाने, ते आधी विचारा. खरी ॲलर्जी निघाली तर कुटुंबाच्या नावावर जाऊ नका, वलयाबाहेरची साखळी पाहा: सेफालेक्सिनची साखळी अँपिसिलिनसारखी आहे, सेफाझोलिनची वेगळी, आणि ॲझ्ट्रिओनामची थेट सेफ्टाझिडिमशी जुळते.