आधी डावं पान भरा

मी ठाण्यात राहते आणि तुर्भ्याला एका बांधकाम सल्लागार कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून काम करते. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की पुस्तक उघडायचं, हा माझा जुना नेम. मागच्या महिन्यात ऐरोलीला चढणाऱ्या एका मुलीने माझ्या हातातल्या वहीत मडक्याचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "काकू, मलाही हडप्पा, इजिप्त असलं काही शिकायचंय. सुरुवात कुठून करू?" तुर्भे येईपर्यंत जेवढं जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते आहे.

दोनशे पानी मोठी वही घ्या. आडवी उघडली की दोन पानं समोर येतात. डाव्या पानावर लिहायचं काय सापडलं: वस्तू, ठिकाण, कुठल्या थरात, किती खोल, कशाची, किती मोठी. उजव्या पानावर लिहायचं त्याविषयी कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारे. डावं पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही. माझी पहिली दोन वर्षं मी राजांची नावं आणि सनावळ्या उतरवण्यात घालवली. ती सगळी उजव्या पानाची माहिती होती, डाव्या बाजूला काहीच नव्हतं, म्हणून ती टिकलीही नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं उदाहरण घ्या. १९७४ साली तिथे झाडाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या: बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे झालं डावं पान. उजव्या पानावर येतं की म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी त्या हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मानल्या, तर डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून शंका घेतली. एवढ्या मोठ्या वस्तूंबद्दल एकमत का होत नाही? कारण त्या शास्त्रशुद्ध उत्खननाच्या चरातून, थर बघत निघालेल्या नाहीत. शेजारी कुठलं खापर होतं, वर कुठली माती होती, हे कुणी टिपलेलं नाही. डाव्या पानावर "थर" या शब्दापुढे रेघ मारावी लागते, आणि मग उजवं पान वादांनी भरतं.

हे मला शब्दांनी नाही, एका चुकीने कळलं. सुरुवातीच्या दिवसांत घोडबंदर बाजूला एका टेकाडावर फिरताना मला काळ्या-तांबड्या खापराचा हाताच्या पंजाएवढा तुकडा दिसला. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला, धुतला, काचेच्या कपाटात ठेवला. पुढे पुरातत्त्वाचा वर्ग लावल्यावर मोठ्या हौसेने बाईंना दाखवला. त्यांनी विचारलं, "उतारावर होतं की सपाटीला? आजूबाजूला आणखी किती होती? धुवायच्या आधी आत काही चिकटलं होतं का?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. "आता हे खापर बोलणार नाही," एवढंच म्हणाल्या. म्हणून कळकळीने सांगते, उचलू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि जिथल्या तिथे राहू द्या. खणण्याचा तर विचारही नको. परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे, आणि जमिनीत धन सापडलं तर १८७८च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली की झालं.

थर वाचायला शिकण्यासाठी मात्र मोहेंजोदडोला जायची गरज नाही. ठाण्यात जिथे जुनी इमारत पाडून पाया खणतात, तिथे पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून उभ्या कापाकडे बघा. सगळ्यात वर राबिट, त्याखाली भरावाचा मुरूम, मग काळपट चिखल, त्यात कधी शिंपले, खाली पिवळट माती आणि कातळ. जे खाली ते आधीचं, जे वर ते नंतरचं, आणि मधेच नळासाठी खणलेली चारी सगळे थर कापत खाली गेली असेल तर ती सगळ्यांत नंतरची. हा तिसरा नियम नवशिके विसरतात. गावाकडे गेलात तर "पांढरी" शब्द ऐकू येईल. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, पडलेल्या भिंतींनी तिथली माती पांढुरकी झालेली असते. आपले पुरातत्त्वज्ञ अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच जुन्या वस्त्या हुडकत आलेत. शास्त्र पुस्तकात यायच्या आधी ते भाषेत होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता सोपाऱ्याला जाऊ. पूर्वी हे ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं आणि बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. एकाच पेटीत सहाशे वर्षांचं अंतर! याचा अर्थ ती पेटी नंतर कुणीतरी श्रद्धेने उघडली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. कुठल्याही जागेचा काळ तिथल्या सगळ्यात जुन्या वस्तूवरून ठरवून मोकळं व्हायचं नसतं, हे या पेटीने मला शिकवलं. नाणं सापडलं तर एवढंच नक्की म्हणता येतं की ते ठेवलं गेलं नाणं पाडल्यानंतर. किती नंतर, हे बाकीच्या वस्तू सांगतात.

दूरच्या संस्कृतीकडे वळताना एकच प्रश्न हातात धरा. "इजिप्त शिकायचंय" हा प्रश्न नाही. माझा प्रश्न माझ्या कामातून आला: लोक मोजायचे कसे? ऑफिसात रोज मी १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची वीट काढते. हडप्पा संस्कृतीच्या विटेचं प्रमाण जाडी, रुंदी, लांबी असं १:२:४. घरांना साधारण ७ बाय १४ बाय २८ सेंटीमीटरची, तटाला १० बाय २० बाय ४० ची, पण प्रमाण तेच. त्यांची दगडी घनाकृती वजनं दुपटीने चढतात, १, २, ४, ८, १६, आणि सोळाचं वजन सुमारे १३.६ ग्रॅम भरतं. लोथलला हस्तिदंताच्या पट्टीचा तुकडा मिळाला, त्यावरच्या रेघांत सुमारे १.७ मिलिमीटरचं अंतर आहे. (तीही डाव्या पानावर "रेघा असलेला हस्तिदंताचा तुकडा" अशीच लिहा. "मोजपट्टी" हा शब्द उजव्या पानाचा.) तिकडे मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराककडचे, लोक साठाच्या पटीत मोजायचे, म्हणून आपल्या तासाला आजही साठ मिनिटं. इजिप्तचं लांबीचं माप म्हणजे राजहात, सात तळहातांच्या रुंदीएवढा, जवळपास साडेबावन्न सेंटीमीटर. एका प्रश्नाने तीन संस्कृती माझ्यासमोर आल्या, आणि त्यांच्यातला व्यापार आपोआप दिसू लागला. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुलींनी मेसोपोटेमियातल्या उर इथल्या राजेशाही थडग्यांत जे लालसर कार्नेलियन मणी शोधले, त्यांतले काही सिंधू खोऱ्याच्या कारागिरीचे आहेत. तिथल्याच अक्कडचा राजा सारगॉन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागतात असं सांगतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी हे वाक्य उजव्या पानावर लिहिलंय. मणी डाव्या पानावर आहेत.

तुम्ही स्वयंपाकी असाल तर चुली आणि धान्य घ्या, शिवण करत असाल तर सूत कातायच्या चात्या घ्या, प्लंबर असाल तर हडप्पाच्या मोऱ्या घ्या. आपल्या हाताला जे ठाऊक आहे तेच डोळ्यांना लवकर दिसतं.

लिपीचं म्हणाल तर हडप्पाची लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही. "वाचली" असं सांगणारा संदेश पुढे पाठवू नका. ब्राह्मी मात्र महिन्याभरात येते. सुरुवात आपल्या गावापासून करा: ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसता गोल. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे उताराचं छप्पर. १८३७ साली इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपला ही लिपी सुटली ती सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांवरून. प्रत्येकाच्या शेवटी तीच अक्षरं येत होती, आणि ती "दानं" असणार हे त्याने ओळखलं. हाच धडा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांत गिरवा. तिथल्या लेखांत "देयधम" म्हणजे दानधर्म हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो एकदा ओळखता आला की चार अक्षरं तुमची झाली. पुढे "लेण" सापडेल, तेच आपलं लेणं, आणि "पोढी" म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपला शब्द दिसला तेव्हा मी तिथेच खाली बसले होते. दात्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत, तेच कल्याण ज्याला ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कॅलिएना म्हटलंय. ठाण्याहून बोरिवलीला जाऊन उद्यानाच्या मुख्य दारातून जा. सोमवारी उद्यान बंद असतं. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल, पाणी काहीही लावू नका. विजेरी बाजूने तिरपी धरली की अक्षरं आपोआप उठून दिसतात.

शके आणि सन यांचा हिशेब सुरुवातीलाच पक्का करा: शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते चैत्र पाडवा या काळातली तिथी असेल तर ७९. अंबरनाथच्या शिवालयातला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६०. आणि १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आता कारागृह आहे तिथे, खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला. तो शके ९३९ चा, म्हणजे १०१७. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. प्रिन्सेपच्या जवळपास पन्नास वर्षं आधी आपलं ठाणं छापील पानावर आलं होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. सभासद व्हा, आणि वा. वि. मिराशींनी संपादित केलेले शिलाहारांचे लेख मागा. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यातली मतं जुनी झालीत, पण डावं पान भरायला अजून उपयोगी पडतं.

कार्बन-१४ पद्धतीविषयी थोडक्यात: मेलेल्या लाकडातला, हाडातला हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. अहवालात "बीपी" दिसलं तर ती वर्षं १९५० पासून मागे मोजलेली असतात, आणि तो आकडा दुरुस्त करून घेतलाय की नाही ते आधी बघायचं. दगडाचं वय यातून निघत नाही, हे लक्षात ठेवा. त्यावरून खूप गैरसमज पसरतात.

हाताला वळण लावायचं असेल तर मडकं काढायला शिका. घरातला फुटका माठ टाकू नका. काठाचा एक तुकडा घ्या. कागदावर एकात एक वर्तुळं काढा, अर्धा-अर्धा सेंटीमीटर वाढवत. तुकड्याचा काठ पालथा ठेवून कुठल्या वर्तुळाशी तंतोतंत बसतो ते बघा. त्या वर्तुळाचा व्यास तोच माठाच्या तोंडाचा व्यास. मग मधे उभी रेघ मारा, एका बाजूला मातीचा काप काळा भरून, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. जगभरच्या उत्खनन अहवालांत खापरं अशीच छापतात. दहा तुकडे काढल्यावर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या अहवालातलं जोर्वे खापर (ताम्रपाषाण काळातली रंगवलेली भांडी) पाहिलंत, तर तोटीचं भांडं आणि कंगोऱ्याचा वाडगा लगेच ओळखाल. इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढी वर्षं केलं. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे सापडली. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयासाठी पुण्याचा एक दिवस राखून ठेवा.

वर्ग लावायचाच असेल तर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षणाकडे चौकशी करा.  पण वर्गाच्या आधी निदान सहा महिने वही चालवा. प्रश्न घेऊन गेलात तर शिकवणारेही मनापासून बोलतात.

ते काळं-तांबडं खापर अजून माझ्याकडे आहे. कपाटातून काढून आता एका कागदी पिशवीत ठेवलंय, आणि वहीत त्याचं डावं पान आहे. जाडी ७ मिलिमीटर, तोंडाचा व्यास १८ सेंटीमीटर, चाकावर घडवलेलं. "ठिकाण" पुढे "घोडबंदर बाजू" एवढंच, "थर" पुढे रेघ. उजवं पान कोरं आहे.