ट्रकच्या डिझेलमध्ये ॲडिटिव्ह टाकताय? या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की आमच्या गाळ्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. पावसाळाभर घरामागे उभी असलेली गाडी कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर बाहेर काढतात आणि तक्रार ठरलेली असते. सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, पांढरा धूर मारते, चढाला पिकअप नाही. मालकाच्या हातात बहुतेक वेळा एक रिकामी बाटली असते. "मिस्त्री, ही टाकली, तरी फरक नाही." कशावरची बाटली आहे, असं विचारलं की उत्तर येतं, "डिझेलची."

इथेच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते. ॲडिटिव्ह म्हणजे एकच औषध नव्हे. कुठलं नोझलवरची (इंजेक्टरच्या डिझेल फवारणाऱ्या टोकावरची) काजळी काढतं, कुठलं पाणी खाली बसवतं, कुठलं शेवाळ मारतं, कुठलं सीटेन (डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप) वाढवतं. रोग कुठला आहे हे न बघता बाटली ओतली, तर पैसे जातात आणि खरा बिघाड आत वाढत राहतो.

टाकीचा तळ न बघणं

मागच्या हंगामात एक दहाचाकी आली होती. वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलातलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरचा, खालचा कॉक सैल करून पहिलं अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात खिडकीपाशी ठेवलं. पंधरा मिनिटांत तळाला दोन बोटं पाणी दिसायला लागलं. वर सोनेरी डिझेल, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय. ती साय म्हणजे जिवाणू आणि बुरशी; गाळ्यावर आम्ही तिलाच शेवाळ म्हणतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच ती वाढते. मालकानं तोवर इंजेक्टर क्लीनरच्या तीन बाटल्या ओतल्या होत्या. क्लीनरचं आणि त्या सायीचं काही देणंघेणंच नाही.

पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आणि आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर थेंब होऊन साचतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पाऊसही आत झिरपतो. म्हणून गाडी उभी करायची असेल तर टाकी भरून आणि झाकण नीट बघून उभी करा. शेवाळ धरलंच असेल तर टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर बदला आणि मगच शेवाळ मारणारं बायोसाइड टाका. मेलेली घाण पुढचे काही दिवस फिल्टरमध्येच येते, तेव्हा एक जादा फिल्टर गाडीत असू द्या.

पाणी डिझेलात विरघळवणारी बाटली

पाण्यावरच्या ॲडिटिव्हमध्ये दोन जाती आहेत. एक पाणी वेगळं करून खाली बसवते, मग ते सेपरेटरमधून काढता येतं. दुसरी पाण्याचे बारीक कण डिझेलात मिसळवून पुढे ढकलते. कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, ही दुसरी घेऊ नका. तिथे १,६०० बारच्या वर प्रेशर असतं, आणि नोझलच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ झाली की टोक फुटू शकतं. आतले भाग दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत सरकतात, त्यांना गंज परवडत नाही. लेबलवर मिथेनॉल किंवा अल्कोहोल लिहिलं असेल तर बाटली परत ठेवा.

ऑइल आणि रॉकेलचे जुने उपाय

जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत टू-स्ट्रोक ऑइल ओतायची सवय अनेकांना आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक आलं, डिझेलातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरलं, आणि "आताचं डिझेल कोरडं आहे" असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. त्यात अर्धं खरं आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणपणा कमी होतो. पण तो भरून काढणारं ॲडिटिव्ह रिफायनरीच्या पुरवठ्यातच घातलेलं असतं. आपल्या मानकाप्रमाणे घर्षणाच्या चाचणीत झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या आत यावा लागतो. खात्रीच्या पंपावर डिझेल भरत असाल तर वरून वंगण घालायची गरज नाही.

इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम आणि जस्त असतं. ते जळून राख होतं, आणि बीएस-६ गाडीच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) ही राख साचते. रिजन करून, म्हणजे डीपीएफ तापवून, काजळी जळते, राख जळत नाही. मग डीपीएफ उतरवूनच साफ करावा लागतो. रॉकेलचं तर नावच नको. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, आणि रॉकेल ते पातळ करतं.

झिजलेल्या नोझलवर क्लीनर

नोझलच्या भोकांवर काजळी धरली असेल तर चांगल्या डिटर्जंटचा उपयोग होतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण नोझल झिजली असेल तर कुठलीही बाटली ती भरून काढत नाही. आधी बॅकलीक तपासून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला छोटी बाटली लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि किती डिझेल परत येतं ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. एकीत बाकीच्यांपेक्षा दुप्पट आलं, तर तो इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर न्या. जुन्या, घाण टाकीत जोरदार क्लीनर टाकला तर सुटलेला गाळ फिल्टर तुंबवतो, आणि दोष मात्र क्लीनरला लागतो.

सीटेन वाढवणाऱ्या औषधाबद्दल थोडक्यात: थंड इंजिन लवकर स्टार्ट व्हायला आणि ठोका कमी व्हायला ते मदत करतं. इथल्या डिझेलचं सीटेन ५१ च्या खाली नसावं असं मानक आहे, त्यामुळे त्यानं घाटात ताकद वाढेल ही आशा धरू नका.

अंदाजानं ओतणं

१:१००० लिहिलं असेल तर ३०० लिटरला ३०० मिली. जास्त टाकून जास्त गुण येत नाही, उलट जास्तीचं आत चिकटतं. आधी औषध, मग डिझेल, म्हणजे नीट मिसळतं. दोन कंपन्यांची औषधं एकत्र करू नका. नाशिकचा कांदा घेऊन थंडीत काश्मीरकडे जाणाऱ्यांनी मेण धरू न देणारं औषध थंडी लागण्याआधी टाकावं. डिझेल एकदा गोठलं की ते औषध मेण वितळवत नाही. शिवाय इथलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका, उत्तरेत पोचल्यावर तिथलं भरा.

चुकून युरिया (बीएस-६ गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते द्रावण) डिझेलच्या टाकीत गेला तर चावी फिरवू नका. गाडी आहे तिथेच उभी ठेवून टाकी रिकामी करून घ्या.

ॲव्हरेजच्या दाव्यांचाही हिशेब करा. समजा डिझेल ९० रुपये आणि औषधाचा खर्च लिटरमागे दीड रुपया. लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज ४.०७ झालं तर कुठे बरोबरी होते. माल, वारा आणि ड्रायव्हरचा पाय बदलला तरी याहून जास्त फरक पडतो. एका फेरीवरून काही ठरवू नका, त्याच रस्त्यावर त्याच वजनात महिनाभर वही ठेवा.

त्या दहाचाकीची टाकी धुतली, दोन इंजेक्टर बेंचवर गेले, आणि आठवड्यानं गाडी फडावर लागली. तिच्या ड्रायव्हरनं आता केबिनमध्ये एक काचेची बाटली ठेवलीय. दर सोमवारी तो कॉक सैल करतो, बाटली उन्हात धरतो आणि तळाशी काय दिसलं ते मला फोनवर सांगतो.