जीव वाचलेला माणूस घरी आला की या चुका टाळा

दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे धोका टळला, ही सगळ्यात घातक समजूत. एकदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा धोका असतो आणि सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे तर फारच नाजूक. नेमक्या त्याच दिवसांत ओसरीवर गर्दी जमते. कोणी केळी आणतं, कोणी बिस्किटं, आणि जो तो विचारतो, "काहून केलं बाप्पा असं? लेकराईचा इचार नाही आला?" माणूस मान खाली घालून गोधडीचा दोरा उपसत बसतो.

पण माझा खरा राग शपथेवर आहे. यवतमाळकडच्या एका गावात, कार्यकर्ती म्हणून नवीन असताना, ही चूक मी स्वतः केली. पस्तिशीतला कास्तकार. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून "पुन्हा असं करणार नाही" असं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि काम झालं समजून शेवटची एसटी पकडली. तीन आठवड्यांनी बायकोचा फोन आला, "ताई, हे रातभर कोठ्यात बैलापाशी बसून राह्यते." गेले, शेजारी बसले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "इचार तर रोजच येते ताई. पण पोरीची शपथ खाल्ली ना, मंग सांगू कोणाले?" विचार चालूच होते, तोंड तेवढं मी बंद केलं होतं.

तेव्हापासून मी सरळ विचारते, "मरायचे विचार अजून येतात का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, ही भीती खोटी आहे. मग दोघं मिळून कागदावर लिहितो: विचार वाढले तर घरात कोणाला उठवायचं, फोन कोणाला लावायचा. खाली १४४१६, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कागद त्याच्याच खिशात राहतो.

फवारणीचं औषध घरात नको. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या घरी. ती तीव्र घटका बहुतेकदा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही लागू नये. यावर मी वाद घालत नाही.

"गुण येत नाही" म्हणून आठव्या दिवशी गोळ्या सोडू नका. उदासीनतेवरच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. झोप फार येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पोलीस केसच्या भीतीनं डॉक्टरांना "अपघात झाला" सांगू नका, मानसोपचार तिथंच हुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, त्याला शिक्षा करत नाही. त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.

बाई असली की "नवऱ्याशी भांडली असंल" म्हणून विषय मिटवतात. नका मिटवू.

आणि नवे कार्यकर्ते! एका दिवसाचं प्रशिक्षण, "जीवन अनमोल आहे"वर भाषण, फोटो, की निघाले. पुन्हा कोणी फिरकत नाही. मी एक वार ठरवते आणि त्या वारी जातेच. कर्जाचं, पऱ्हाटीचं, पोरीच्या शाळेचं बोलणं होतं. आता मंगळवारी मला उशीर झाला तर त्याचाच फोन येतो, "ताई, गाडी चुकली का?"