लाइट गेली तरी नोंद राहावी: घरच्या हवामान केंद्राला डेटा लॉगर जोडताना

ऑक्टोबरात फळछाटणी झाली, बाग फुटली आणि रात्री पाऊस पडून गेला, की तासगाव-मिरजेकडच्या प्रत्येक द्राक्षवाल्याला सकाळी एकच विचारायचं असतं: पाऊस किती वाजता आला, कधी थांबला आणि त्यानंतर हवा किती तास दमट राहिली? डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी त्यावर ठरते. हवामान केंद्राच्या कन्सोलवर, म्हणजे घरात ठेवलेल्या पडद्याच्या डब्यावर, आत्ताचे आकडे दिसतात, पण रात्रभराचा सविस्तर हिशेब संगणकावरच नीट बघता येतो. आणि पाऊस जोरात आला की आपल्याकडे लाइट जाते. संगणक बंद असतानाची नोंद डेटा लॉगर सांभाळतो.

इथे उदाहरण डेव्हिस कंपनीच्या व्हँटेज प्रो 2 या हवामान केंद्राचं घेतलंय. त्याचा लॉगर कन्सोलच्या मागच्या खाचेत बसतो. त्याच्यातली नोंद वीज नसली तरी पुसली जात नाही. पण नवी नोंद होण्यासाठी कन्सोल चालू हवा, म्हणून अॅडॉप्टर असला तरी कन्सोलमध्ये सी साइजचे तीन सेल घालून ठेवाच. अनेक जण अॅडॉप्टरवर भागवतात आणि लॉगर घेऊनही नेमक्या वादळाच्या रात्रीची नोंद गमावतात.

सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा ड्रायव्हर आधी टाकून घ्या, केबल नंतर. क्युम्युलस एमएक्स आणि वीडब्ल्यूएक्स ही दोन्ही मोफत आहेत. विंडोजवर क्युम्युलस सोपं पडतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर दिवसरात्र चालवायचं असेल तर वीडब्ल्यूएक्स घ्या.

मग कन्सोलचा अॅडॉप्टर काढा आणि सेलही काढा. चालू कन्सोलमध्ये लॉगर कधीही बसवू नका. खाचेतल्या पिना बारीक असतात. लॉगर सरळ धरून हलक्या हाताने दाबा, अडला तर जोर न लावता काढून पुन्हा बसवा. नंतर सेल घाला, अॅडॉप्टर जोडा आणि कन्सोलवर तारीख-वेळ बिनचूक लावा. लॉगर प्रत्येक नोंदीवर याच घड्याळाची वेळ टाकतो.

त्याच वेळी उंची भरा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. उंची शून्य ठेवली तर हवेचा दाब सुमारे 60 हेक्टोपास्कलने कमी दिसेल. पर्जन्यमापकाची सेटिंगही बघा. आतली डोलणारी वाटी 0.2 मिलिमीटरची असताना सेटिंग इंचाची, म्हणजे 0.254 ची राहिली, तर 100 मिलिमीटर पाऊस 127 दिसतो.

आता केबल लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून कोणता कॉम पोर्ट मिळाला ते बघा, तोच सॉफ्टवेअरमध्ये निवडा. जोडणीचा वेग (बॉड रेट) 19200 ठेवा.

किती मिनिटांनी एक नोंद घ्यायची, हे मात्र विचार करून ठरवा. लॉगरमध्ये 2560 नोंदी मावतात आणि तो भरला की सगळ्यात जुनी नोंद जाऊन नवी येते. दर मिनिटाला नोंद ठेवली तर पावणेदोन दिवसांत भरतो, 10 मिनिटांनी सतरा दिवस पुरतो, 30 मिनिटांनी त्रेपन्न. एक तासाचं अंतर घेऊ नका. हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या सकाळी 8:30 असा धरतो, तर आपला कन्सोल मध्यरात्री नवा दिवस सुरू करतो. सरकारी आकड्याशी आपला पाऊस ताडून बघायचा तर 8:30 ला नोंद हवी, आणि तासाच्या अंतरात ती मिळत नाही. बागेसाठी मी 10 मिनिटं सुचवेन. हे अंतर बदललं की लॉगरमधल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून आधी त्या संगणकात उतरवून घ्या.

शेवटी चाचणी घ्या. सॉफ्टवेअर बंद करा, कन्सोलचा अॅडॉप्टरही काढा आणि तासाभराने दोन्ही सुरू करा. सॉफ्टवेअर लॉगरमधून मधल्या नोंदी ओढून घेतं आणि आलेख सलग होतो. मध्ये खंड राहिला, तर आधी सेल तपासा, मग कन्सोलचं घड्याळ.