एफवायला मार्क जातात कुठं? या चुका टाळा

सेमिस्टरचा निकाल लागला की आमच्या डिपार्टमेंटच्या दारात दरवर्षी तीच गर्दी आणि तेच प्रश्न. 'मॅडम, पेपर तर मस्त गेलेला, मग बी ग्रेड कशी पडली?' 'मॅडम, लेखीत पास आहे की, मग एटीकेटी (विषय राहून पुढच्या वर्गात जाणं) का दाखवतंय?' मी कोल्हापुरात प्रथम वर्षाला, म्हणजे एफवायला, अर्थशास्त्र शिकवते. यातली निम्मी तरी मुलं अभ्यासाला कमी पडलेली नसतात. मार्क कसे दिले जातात हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. बारावीपर्यंत कुणीतरी हाताला धरून सगळं करून घेतलेलं असतं, आणि कॉलेजातही तसंच होईल असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

इंटर्नलला 'दहा मार्कांचं काय ते' म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बारावीला तोंडी आणि प्रकल्पाचे २० मार्क असायचे. तेव्हा कुणी नापास झालेलं पाहिलेलं नसतं, म्हणून इथंही ते मार्क आपोआप मिळतात असा समज. बऱ्याच अभ्यासक्रमांत लेखी आणि अंतर्गत (म्हणजे इंटर्नल: टेस्ट, गृहपाठ) अशी पासिंगची दोन वेगळी खाती असतात. लेखीला ७५ टक्के असले तरी अंतर्गतचं खातं रिकामं असेल, तर विषय सुटत नाही.

राधानगरीकडून पहाटेच्या एसटीनं येणारा एक मुलगा होता. हुशार. मी वर्गात प्रश्न टाकला की पहिला हात त्याचा. दुसऱ्या सेमिस्टरला गृहपाठ द्यायचा राहिला आणि टेस्टच्या दिवशी तो गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, गेला. मी दोनदा निरोप धाडला, 'फेरटेस्ट आहे, ये.' मित्राकडून उत्तर आलं, 'मॅडमना सांग, लेखीत काढतो भरून.' ठरलेल्या तारखेला सगळ्यांचे मार्क ऑनलाइन भरले, विभागप्रमुखांची सही झाली, यादी लॉक झाली. लॉक झालेली यादी उघडणं माझ्या हातात नसतं. त्यानंतर तो गृहपाठ घेऊन आला. सुंदर अक्षर, पट्टीनं आखलेल्या आकृत्या, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

निकाल लागला तेव्हा लेखीत तो वर्गात पहिल्या पाचात होता. शेजारच्या रकान्यात 'एबी', म्हणजे गैरहजर. पुढच्या वर्षी एसवायचे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे, तास सोडून एफवायच्या मुलांच्या बाकावर बसून त्यानं तीच टेस्ट दिली. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्याला अडलेलं काहीच नव्हतं.

माझ्या मुलांना मी एक सवय लावते. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक विषयाची एक ओळ: लेखी किती, अंतर्गत किती, पासिंग वेगळं की एकत्र, टेस्टची तारीख, गृहपाठाची तारीख, आणि जमा केल्यावर शिक्षकांची सही. मार्कांचे आकडे अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये, बहुतेक वेळा शेवटच्या पानांत, 'प्रश्नपत्रिकेचे स्वरूप' या मथळ्याखाली असतात. सीनिअरनं सांगितलं म्हणून लिहू नका. त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो.

क्रेडिट न बघता अभ्यास वाटणं

सोप्या विषयात ओ ग्रेड काढली की एसजीपीए (त्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) वर जातो असं मुलांना वाटतं. प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटवर ठरतं, आणि लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास शिकवणं. यूजीसीच्या दहा गुणांच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. या गुणाला क्रेडिटनं गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं.

चार क्रेडिटच्या मुख्य विषयात सी आणि दोन क्रेडिटच्या विषयात ओ पडला असं धरा. २० अधिक २०, भागिले सहा, म्हणजे ६.६७. उलटं झालं असतं, तर ४० अधिक १०, भागिले सहा, ८.३३. मेहनत तितकीच, फरक केवढा! एफ पडला तर गुण शून्य, पण त्या विषयाची क्रेडिट भागाकारात राहतातच.

सीजीपीएला (सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीला) ९.५ नं गुणून टक्के काढू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. आपलं सूत्र आपल्या विद्यापीठाच्या नियमात असतं, तेच वापरा.

प्रश्न न वाचता पाठ केलेलं उतरवणं

यावर मी वर्गात घसा कोरडा करते. प्रश्न असतो, 'मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांतील फरक स्पष्ट करा.' उत्तरात मागणीचा नियम, गृहीतके, अपवाद, तीन पानं भरून. फरक कुठंच नाही. तपासणाऱ्याकडे मार्कांची फोड असते: मुद्द्यांना इतके, आकृतीला इतके, उदाहरणाला इतके. मुद्दा सापडला नाही तर मार्क देता येत नाहीत, पानं कितीही असोत.

याच उत्तराला काय लागतं बघा. गुळाचा भाव उतरला म्हणून घरात जास्त गूळ आला, तर तो विस्तार. बिंदू त्याच वक्रावर खाली सरकतो. भाव तोच आहे, पण संक्रांत आली म्हणून मागणी वाढली, तर ती वृद्धी. अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. दोन आकृत्या, अक्षांना 'किंमत' आणि 'मागणी' अशी नावं, खाली तीन-चार मुद्दे समोरासमोर. दीड पानात पूर्ण मार्क. अक्षांना नावं नसलेली आकृती मी दरवर्षी ढिगानं बघते आणि दरवेळी जीव हळहळतो.

आणि शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात. तुमचा पेपर तुम्हाला न ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हाती जाऊ शकतो. तुम्हाला येतंय हे त्यांना फक्त कागदावरून कळणार. त्यामुळे क्रियापद अधोरेखित करा: फरक सांगा, कारणे द्या, टीपा लिहा. मी स्वतः पेपर काढताना या शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आयएमपी'च्या, म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांच्या, याद्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. सेमिस्टरभर पुस्तक न उघडता त्या यादीवर तरून जायची घाई पहिल्या वर्षालाच सगळ्यात जास्त असते, आणि पुढं एसवायला ती चांगलीच जड जाते.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

समासात प्रश्नक्रमांक चुकीचा घालणं. एकाच प्रश्नाचे तुकडे तीन ठिकाणी लिहिणं. हॉल तिकिटावरचे विषय आणि कोड न तपासणं. चूक असेल तर परीक्षेच्या सकाळी नाही, तिकीट हातात पडेल त्याच दिवशी ऑफिसात जायचं. बारकोडवर पेन चालवणं. उत्तरपत्रिकेत 'कृपया पास करा' लिहिणं, ज्यानं एक मार्कही वाढत नाही.

निकाल लागल्यावर नुसतं रडत बसणं

मार्क कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, म्हणून निकाल दिसला त्याच दिवशी परिपत्रक काढून तारीख लिहून घ्या. छायाप्रत आली की पेन्सिल घेऊन बसा: प्रत्येक उपप्रश्नाला मार्क दिलेत का, आतले मार्क पहिल्या पानावर तसेच आलेत का, बेरीज बरोबर आहे का. बेरजेत चूक असेल तर गुणपडताळणी पुरते. उत्तराला खरंच कमी मार्क वाटत असतील, तर विषयाच्या शिक्षकांना ते पान दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. माझ्याकडे छायाप्रत घेऊन कुणीही या, तास संपल्यावर मी बसलेली असते.