वाय अक्षाचा बॅकलॅश कसा घालवला

ठाण्यात घरी बांधलेल्या माझ्या तीन अक्षांच्या छोट्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनवर ॲल्युमिनियममध्ये काढलेला गोल चपटा यायचा. वाय अक्षाची दिशा जिथे उलटते, नेमकी तिथेच बारीक पायरी पडायची. हा बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना जाणवणारी ढिलाईची फट. सगळे म्हणाले, बॉलनट (स्क्रूवर सरकत टेबल हलवणारा नट) बदल. मी आधी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावला. टेबल हाताने पुढे-मागे रेटलं की काटा 0.12 मिमी हलायचा. मग गेज 1204 बॉलस्क्रूच्या (12 मिमी जाड, एका फेऱ्यात नट 4 मिमी सरकवणारा) टोकावर टेकवला, तर तिथेही जवळपास तेवढाच! नट ठणठणीत होता. अख्खा स्क्रूच बेअरिंगमध्ये सरकत होता.

साधं बेअरिंग काढून 7000 नंबरची दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा जोरही पेलणारी) बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवली. मधला स्पेसर (अंतर राखणारी कडी) वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांनी सुरेख काढून दिला. बेअरिंग दाबून धरणारा लॉकनट हळूहळू आवळायचा: स्क्रू बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण काटा हलता कामा नये. आता 0.02 च्या आतच राहतो.

बॅकलॅशची सॉफ्टवेअरमधून भरपाई करण्याच्या फंदात पडू नका. क्लाइंब मिलिंगमध्ये (कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेने कापतात, तेव्हा) कटर टेबलाला त्या फटीत खेचतोच. शिवाय साध्या जीआरबीएलमध्ये (अशी छोटी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ती सोयही नाही.