व्हेक्टर बीम बनवताय? मग या चुका टाळा

व्हेक्टर बीम म्हणजे ज्याचं पोलरायझेशन (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) जागोजागी वेगळं असतं असा लेझर बीम. कॅमेऱ्यावर मस्त गोल डोनट (मधे अंधार, भोवती उजळ कडं) दिसला की झालं काम असं वाटतं, पण रेडियल (कंपनाची दिशा केंद्रातून बाहेर), अझिम्युथल (दिशा कड्याच्या कडेकडेने) आणि साधा व्हॉर्टेक्स बीम (पोलरायझेशन एकच, पण फेज म्हणजे लहरीची मागेपुढे स्थिती गोल फिरत जाते), तिघांचाही डोनट सारखाच दिसतो हो. कॅमेऱ्याच्या आधी लिनियर पोलरायझर (एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणारा फिल्टर) लावून फिरवा. डोनटचे दोन तुकडे होऊन पोलरायझरसोबत फिरले तर बीम व्हेक्टर आहे, तुकडे पोलरायझरच्या अक्षावर पडले तर रेडियल आणि काटकोनात पडले तर अझिम्युथल. डोनट अख्खा राहून नुसता मंद-प्रखर होत असेल तर पोलरायझेशन सगळीकडे एकच आहे, म्हणजे काहीच घडलेलं नाही. आणि तुकडे उलट्या दिशेने फिरतायत? मग क्यू-प्लेटनंतर (साध्या बीमचा व्हेक्टर बीम करणारी प्लेट) एकच हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा बदलणारी) राहिलीय का बघा. रेडियलचं अझिम्युथल करायला दोन लागतात, एकमेकींशी ४५ अंशात.

आता सगळ्यात छळणारा प्रकार. क्यू-प्लेटनंतर ४५ अंशात आरसा टाकला, पोलरायझर ० आणि ९० वर तपासला, तुकडे एकदम स्वच्छ, म्हणून सगळे निवांत! अहो ४५ वर करून बघा ना, तिथे तुकडे पुसट होतात, कधी तर पूर्ण रिंगच दिसते. आरसा एस आणि पी पोलरायझेशनमध्ये (बीम ज्या प्रतलात वळतो त्याला काटकोनातलं ते एस, त्या प्रतलातलं ते पी) फेजचा फरक टाकतो, साध्या बीमचं पोलरायझेशन बहुतेक या दोनांपैकी एकच असतं म्हणून तिथे हे कधी जाणवत नाही, पण व्हेक्टर बीममध्ये दोन्ही असतात आणि त्याचं पोलरायझेशन लंबवर्तुळाकार होऊन बसतं. सरळ उपाय, वळणं आधी उरकून घ्या आणि क्यू-प्लेट शेवटी लावा.

डोनटच्या मधोमध उजळ ठिपका दिसत असेल तर क्यू-प्लेटचं रिटार्डेशन (ती दोन पोलरायझेशनमध्ये टाकते तो फेजचा फरक) बरोबर हाफ-वेव्ह, म्हणजे अर्ध्या लहरीइतकं, नाहीये आणि थोडा प्रकाश न बदलताच पुढे येतोय. प्लेटला दिलेलं व्होल्टेज हळूहळू बदलून ठिपका कमीत कमी करा, लेझरची वेव्हलेंथ बदलली की परत हेच करायचं. लिक्विड क्रिस्टलवाल्या प्लेटला डीसी देऊ नका, एसी स्क्वेअर वेव्हच द्या, नाहीतर आयन साचून ती खराब होते. डोनट एका बाजूला जाड दिसतोय? मग व्होल्टेजशी खेळत बसू नका, प्लेटचं केंद्र बीमवर नाहीये, एवढंच.

एसएलएम (पिक्सेलगणिक प्रकाशाची फेज बदलणारी स्क्रीन) वापरणाऱ्यांचं वेगळंच दुखणं. तो बहुतेक एकाच लिनियर पोलरायझेशनची फेज बदलतो, दुसरं जसंच्या तसं परत येतं, तेव्हा दोन्ही घटकांना स्क्रीनवर वेगवेगळा पॅटर्न द्यावाच लागतो.